ऑपरेशनने गाठीचे जीन्स बदलत नाहीत

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘गाठीला चाकू लागला की जीन्स बदलतात, म्हणून नंतरचे रिपोर्ट खोटे. सुई टोचली की कॅन्सर पसरतो. ऑपरेशन टाळा.’ जतपासून पार विजापूरपर्यंतचे पेशंट मिरजेला येतात. हे वाचून त्यातलं एखादं माणूस घरीच बसलं तर? म्हणून हे लिहितोय.

‘जीन्स बदलतात.’ नाही. डीएनए तोच राहतो. घरातली वायरिंग तीच, फक्त कुठला दिवा लागला नि कुठला विझला, म्हणजे कुठला जीन चालू नि कुठला बंद, एवढाच फरक. हा फरक मात्र खरा आहे. सर्जन गाठीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या एकेक करून बांधतात. गाठ अजून पोटातच, अंगाइतकी गरम, पेशी जिवंत. पण ऑक्सिजन बंद. फॉस, जून, ईजीआर-१ हे ताण पडताच उसळणारे जीन्स काही मिनिटांत चढतात. मागोमाग नव्या रक्तवाहिन्या मागवणारा व्हीईजीएफ. संशोधकाने या नमुन्यातला आरएनए (चालू जीन्सची पेशीत निघणारी नक्कल) मोजून ‘हा कॅन्सरचाच गुण’ म्हटलं तर तो फसेल. आरएनए तुटलेला नाही एवढं पाहून भागत नाही, कारण धडधाकट आरएनएसुद्धा ऑपरेशनचाच ताण दाखवत असतो. म्हणून रक्तवाहिन्या बांधल्याची, गाठ बाहेर काढल्याची आणि नमुना गोठवल्याची वेळ लिहून ठेवावी लागते.

‘रिपोर्ट खोटे.’ कॅन्सर आहे की नाही, हे पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली पेशींची ठेवण बघून सांगतात. ती तेवढ्या वेळात पालटत नाही. स्तनाच्या गाठीच्या ईआर, पीआर, हर-टू (कुठले उपचार लागू पडतील हे सांगणाऱ्या) तपासण्यांना मात्र वेळ जपावी लागते: गाठ काढल्यावर तासाभरात फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात), आणि तिथे ६ ते ७२ तास. खरा घोळ इथेच होतो. मोठी गाठ काप न देता छोट्या बरणीत कोंबली, की फॉर्मालिन आतपर्यंत मुरतच नाही आणि मधला भाग खराब होतो. यात दोष हाताळणीचा, ऑपरेशनचा नव्हे.

‘सुईने पसरतो.’ सुईच्या वाटेवर पेशी सांडणं क्वचित घडतं. वृषणाच्या गाठीला म्हणूनच सुई लावत नाहीत. स्तनाच्या गाठीला सुईची बायोप्सी हीच रीत आहे. शिवाय तो तुकडा रक्त वाहतं असतानाच निघतो, म्हणजे मेसेजमधला जीन्सचा आक्षेप त्याला सगळ्यात कमी लागू पडतो.

आपल्याकडे लॅबला न्यायची बरणी पुष्कळदा नातेवाइकांच्याच हातात देतात. ती घेताना सिस्टरना विचारा: आत फॉर्मालिन आहे की नुसतं सलाइन? गाठ पूर्ण बुडालीय का? फॉर्मवर गाठ काढल्याची वेळ लिहिलीय का? आणि तिथून थेट लॅब गाठा.