शुभस्य शीघ्रम्

तुमचं मूल तेरा वर्षांचं झालं आणि अजून त्याने दारूची चवसुद्धा घेतलेली नाही? मग जरा घाई करा. विशीत सुरुवात करणारी पोरं बहुतेक हौशीच राहतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे १९९७ साली प्रसिद्ध झाले. चौदाव्या वर्षी किंवा त्याआधी पहिला पेला घेतलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेले होते. वीस किंवा त्यानंतर सुरू केलेल्यांमध्ये हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास. लवकर पिणं हेच याचं कारण, की मुळातच अडचणीत असलेली मुलं लवकर पितात, यावर संशोधक अजून वाद घालताहेत. तुम्ही त्यात पडू नका. दोन्हींची सोय करून ठेवा, म्हणजे निकाल कुठलाही लागो, आपलं काही अडत नाही.

सुरुवात घरातूनच व्हावी. मित्र जमले, बैठक बसली की ग्लास, बर्फ, पाणी आणायला पोरालाच हाक मारा. मोठी माणसं गेल्यावर ग्लासं विसळायलाही तोच. ग्लासाच्या तळाशी उरलेल्या घोटाचं पुढे काय होतं, याची चौकशी करू नये. एखाद्या मामाने बोट बुडवून त्याच्या जिभेला लावलं आणि त्याने तोंड वाकडं केलं, तर सगळ्यांनी पोट धरून हसावं. असं कौतुक त्याला गणितात कधी मिळालेलं नसतं, त्यामुळे ते तो विसरत नाही. बायको कुरकुरली तर सांगा, ‘घरी आपल्यासमोर चाखली, म्हणजे बाहेर जाऊन पिणार नाही.’ ऑस्ट्रेलियात १९०० हून अधिक मुलांचा सहा वर्षं माग काढून हे तपासलं गेलं आणि आईबापांनी दिल्याने मुलं वाचतात याला काही आधार सापडला नाही. उलट घरी मिळालेल्यांना पुढच्याच वर्षी बाहेरूनही मिळण्याची शक्यता वाढलेली दिसली. पण हा निष्कर्ष २०१८ सालचा, आणि तुमचा अनुभव कॉलेजपासूनचा.

मेंदूची काळजी नको. ‘आता पुरे’ म्हणणारा त्याचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत बांधकामावस्थेत असतो, आणि बांधकाम चालू असताना पाणी मारावंच लागतं. कोवळ्या वयाचा आणखी एक फायदा आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसतं की किशोरवयीन उंदीर प्रौढांच्या मानाने लवकर झोपत नाहीत, लवकर झोकांड्याही खात नाहीत. म्हणजे थांबवणारी लक्षणं उशिरा, आणि तोवर पोटात जास्त. तुमचा पोरगा तीन पेल्यांनंतरही सरळ चालला, तर त्याला धोक्याची खूण समजू नका. छाती फुगवून चारचौघांत सांगा, ‘आमच्याला चढत नाही.’

मुलगी असेल तर मात्र नियम वेगळा. तिला कोणी पिताना पाहिलं, तर चर्चा फक्त अब्रूची करायची. मग ती कुणाशी काही बोलणार नाही, मदतही मागणार नाही, आणि घर कसं शांत राहील.

सगळा भार घरावर घ्यायलाही नको. विकसनशील देशात राहण्याचे काही लाभ असतात. किमान वय कायद्यात बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं आणि दुकानात बहुतेक ठिकाणी विचारलं जात नाही. शंका असेल तर आधी चार वेळा तुमचीच बाटली आणायला त्याला पाठवा. पाचव्या वेळी तो स्वतःसाठी घेईल तेव्हा दुकानदार ‘वडील बरे आहेत ना?’ एवढंच विचारेल. शिवाय बाजार मुलांच्या मापाचा माल काढतो. आफ्रिकेतल्या अनेक देशांत कडक दारू प्लॅस्टिकच्या छोट्या पुड्यांमध्ये मिळू लागली: चिल्लर पैशांत परवडणारी, मुठीत लपणारी, कंपासपेटीत मावणारी. काही सरकारांना हे बघवलं नाही. केनियाने २००४ मध्ये, टांझानियाने २०१७ मध्ये, युगांडाने २०१९ मध्ये या पुड्या बंद केल्या. तुमच्या देशात असं कुणी करायला निघालं, तर गरिबाच्या रोजगाराचा प्रश्न लगेच उपस्थित करा.

जाहिरातीवर बंदी असेल तरी हरकत नाही. त्याच नावाचा, त्याच चित्राचा सोडा निघतो, पाणी निघतं, गाण्यांचा कार्यक्रम निघतो. पोराला सोडा कधीच दिसत नाही. त्याला बरोबर जे दिसायचं तेच दिसतं. या बाबतीत मुलं मोठ्यांपेक्षा हुशार असतात, आणि मोठी माणसं सरकारपेक्षा.

धोरण लिहायचीही तोशीस घ्यावी लागत नाही. लेसोथो, मलावी, युगांडा आणि बोट्सवाना या चार देशांच्या राष्ट्रीय मद्यधोरणांचे मसुदे दोन संशोधकांनी शेजारी शेजारी ठेवून वाचले. मांडणी तीच, शब्दही बरेचसे तेच, आणि मसुद्यांमागे बिअर उद्योगाचा हात. २०१० साली हे छापूनही आलं. चार देश, एकच वही! परीक्षेत असं सापडलं असतं तर चौघांनाही वर्गाबाहेर उभं केलं असतं. अशा धोरणात भाव वाढवणं, दुकानं कमी करणं असल्या रुक्ष गोष्टींना फार जागा मिळत नाही. ‘जबाबदारीने प्या’ हे शिक्षण मात्र भरपूर असतं. ते शाळेतही देता येतं. आठवीच्या वर्गाला जबाबदारीने पिण्याचा अर्थ समजावून सांगणाऱ्या पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायला विसरू नका.

आकड्यांची भीती वाटत असेल तर एक युक्ती सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालात १५ ते १९ वयाची पिणारी मुलं जगभरात साडेपंधरा कोटी धरली आहेत. आकडा मोठा आहे, पण तो जिथून उभा राहतो ते बघा. गरीब आणि मधल्या उत्पन्नाच्या देशांत २००३ पासून जी मोठी पाहणी होते, ती शाळेच्या वर्गात होते. मुलं बाकावर बसून, नाव न लिहिता, उत्तरं भरतात. हॉटेलात कपबशा धुणारा, गाडीवर क्लीनर असलेला, विटा वाहणारा पोरगा त्या बाकावर नसतो. त्यामुळे एखादा पिऊन पिऊन शाळेतून बाहेर पडला, की देशाचा आकडा तेवढाच सुधारतो.

इतकं सगळं जुळून आल्यावर एक दिवस तो सापडेलच. तोंडाला वास येईल, किंवा शेजारी सांगत येतील, किंवा रात्री पोलीस ठाण्यातून फोन येईल. तेव्हा गडबडून जाऊ नका. ‘वाईट संगत’ हे दोन शब्द तयार ठेवा. ते कोणत्याही घरात, कोणत्याही उत्पन्नगटात चालतात. मित्रांची नावं विचारा, त्यांच्या आईबापांचा उद्धार करा, मोबाइल काढून घ्या. हे सगळं साधारण संध्याकाळी, तुम्ही निवांत बसलेले असताना करावं. फक्त बर्फ संपत आला असेल तर तो आधी मागवून घ्या. एकदा जाब विचारला की पोरगं रुसतं, मग उठून आणत नाही.