डिस्क जपून ठेवणाऱ्या जुनाट लोकांसाठी

टीव्हीखालच्या कप्प्यात अजूनही गेमच्या डब्यांची रांग लावून बसला असाल तर राव तुम्ही फारच मागे राहिलात. धूळ पुसायची, पोरांच्या हातून डिस्क वाचवायच्या, पाहुण्यांचं 'हे काय सीडीचं दुकान काढलंय का' ऐकायचं, कशासाठी एवढा आटापिटा? सोडा ते, आता गेम डिस्कवर नको, कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून सरळ डाउनलोड करा. डोक्याचा ताप जातो, फक्त तो गेल्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात.

सुरुवात कन्सोलपासून, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनपासून करा. फेब्रुवारी 2021 ला सोनीचा पीएस5 (प्लेस्टेशन 5) भारतात आला तेव्हा डिस्कवाला 49,990 ला होता आणि बिनडिस्कवाला 39,990 ला. शहाण्या माणसाने बिनडिस्कवालाच घ्यायचा, दहा हजार वाचले म्हणून ऑफिसात पेढे वाटायचे, आणि मग पुढची सगळी वर्षं एकाच दुकानातून ते सांगतील त्या भावाने मान खाली घालून गेम घ्यायचे. बाहेर त्याच गेमची डिस्क स्वस्त झाली तरी तिकडे बघायचं नाही, आपल्या मशीनला फटच नाही तर घालणार कुठे? आणि शेजारचा डिस्कवाला 4,999 चा गेम संपवून अर्ध्या किमतीला विकून टाकतो, असे चार विकले की त्याचे दहा हजार वसूल, हा हिशोब तर अजिबात करायचा नाही, त्याने झोप उडते.

विकायची कटकटही कायमची मिटली बघा. आठवतंय ना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतलं ते? गेम संपला की डबा बॅगेत टाकून ग्रँट रोडला उतरायचं, दुकानदार डिस्क काढून ट्यूबलाइटखाली तिरकी धरणार, शर्टाच्या टोकाने पुसून परत तिरकी धरणार, दिसेल न दिसेल असा एक ओरखडा शोधून काढणार आणि तोंड असं करणार की जणू आपण त्याच्याकडे उसने मागायला आलोय. मग घासाघीस, मग निघून जायचं नाटक, मग 'बरं, वर तीनशे द्या आणि हा घेऊन जा', आणि रात्री घरी दुसरा गेम चालू. किती हा मागासलेपणा! एका डिस्कवर चार घरं खेळायची आणि कंपनीला पैसे मिळायचे एकदाच. आता कसं, गेम संपला की संपला, विकता येत नाही, बदलून घेता येत नाही, नुसता यादीत पडून राहतो.

मायक्रोसॉफ्टची दूरदृष्टी तेव्हा कुणाला कळलीच नाही. 2013 मध्येच त्यांनी सांगितलं होतं की त्यांचा एक्सबॉक्स वन कन्सोल 24 तासांतून एकदा तरी इंटरनेटवर हजेरी लावणार आणि वापरलेले गेम देण्या-विकण्यावर बंधनं येणार. लोक असे चवताळले की जून संपायच्या आत निर्णय मागे घ्यावा लागला. सोनीने तर त्याच सुमारास एक छोटासा व्हिडिओ टाकून मजा घेतली, पीएस4 चा गेम मित्राला कसा द्यायचा, तर एक माणूस डबा पुढे करतो, दुसरा घेतो, थँक्स म्हणतो, झालं. काय टाळ्या पडल्या होत्या! त्याच सोनीने नोव्हेंबर 2024 मध्ये 700 डॉलरचा पीएस5 प्रो काढला आणि त्यात डिस्क ड्राइव्हच दिला नाही. हवा तर 80 डॉलर वेगळे मोजा, आणि तो जोडल्यावर सुरू करायलासुद्धा इंटरनेट लागतं. (उभा ठेवायचा स्टँडही वेगळा विकत घ्यायचा, पण तो विषय नको, बीपी वाढतं.)

तरीही डब्याचा मोह सुटत नसेल तर एकदम सोडू नका, कंपन्या हळूहळू सवय मोडून देतायत. 2022 च्या कॉल ऑफ ड्यूटीच्या पीएस5 डिस्कवर जेमतेम 70 एमबी डेटा होता, बाकीचा सगळा गेम डाउनलोड करा. निन्टेन्डोने 2025 मध्ये स्विच 2 कन्सोलबरोबर गेम-की कार्ड आणलं, म्हणजे डबा आहे, कार्डही आहे, फक्त कार्डात गेम नाही. लग्नाच्या आहेराच्या पाकिटात नोटेऐवजी एटीएमचा पत्ता निघावा तसं. आधी गेम डाउनलोड करायचा आणि मग दर वेळी खेळताना कार्डही खोचून ठेवायचं. तेवढं कार्ड पुढे विकता तरी येतं हे खरं, पण त्याचाही काहीतरी बंदोबस्त होईलच, काळजी नको.

मनाची तयारी मात्र करावी लागेल. गेम बनवणाऱ्या यूबीसॉफ्ट कंपनीचे सबस्क्रिप्शनवाले फिलिप ट्रेम्बले यांनी जानेवारी 2024 ला एका मुलाखतीत समजावलंच होतं की सीडी-डीव्हीडी जवळ नसण्याची जशी लोकांना सवय झाली तशी गेम मालकीचा नसण्याचीही व्हायला हवी. आणि त्यांच्या कंपनीने नुसतं बोलून सोडलं नाही, 31 मार्च 2024 ला 'द क्रू'चे सर्व्हर बंद केले आणि पाठोपाठ लोकांच्या अकाउंटवरची लायसन्सही काढून घेतली. 2014 चा गाड्यांचा गेम, एकट्याने खेळायचा म्हटलं तरी सर्व्हर लागायचा, त्यामुळे डिस्कवाले जे छाती काढून फिरत होते त्यांच्या हातातही चकतीच राहिली. इथे मला जरा बरं वाटलं, समानता म्हणतात ती हीच. काही नतद्रष्ट लोकांनी यावर 'स्टॉप किलिंग गेम्स' म्हणून मोहीम काढली, युरोपात दहा लाखांवर सह्या जमवल्या. पैसे दिलेत तर गेम चालू राहिला पाहिजे म्हणे! उद्या म्हणतील फ्लॅट घेतलाय तर चावी द्या.

जुने गेम नाहीसे होतात म्हणून गळा काढणाऱ्यांकडेही लक्ष देऊ नका. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये पाहणी केली, तर 2010 च्या आधी तिथे आलेल्या गेम्सपैकी 87 टक्के आज बाजारात सरळ मार्गाने मिळतच नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोच्या थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या कन्सोलची ऑनलाइन दुकानं बंद झाली. बरं झालं की, तुम्हाला एवढं सगळं खेळायला वेळ कुठे होता?

आणि फेब्रुवारी 2025 मध्ये प्लेस्टेशन नेटवर्क, म्हणजे सोनीची ऑनलाइन सेवा, जवळजवळ 24 तास झोपलं होतं तेव्हासारखं परत झालं तर बोंबाबोंब करायची नाही. त्या शनिवारी डिस्कवरचे ऑफलाइन गेम खेळणारे गपचूप खेळत होते, आणि ज्यांनी सेटिंग नीट केलं नव्हतं ते डिजिटलवाले कुलपाचं चित्र बघत बसले होते. नंतर पैसे भरून प्लेस्टेशन प्लस घेतलेल्या मेंबरांना पाच दिवस वाढवून मिळाले. एका दिवसाला पाच दिवस, असा व्याजदर कुठली बँक देते?

आता एवढ्या सगळ्यावरही एखादा मित्र जुन्या सवयीने म्हणालाच की तुझा तो गेम झाला असेल तर दे ना दोन दिवस, तर चिडू नका. हसून त्याला स्टोअरची लिंक पाठवा. खाली किंमत दिसेलच त्याला, 4,999.