मायक्रोफिल्मचे सोवळे

आमच्या वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्मची, म्हणजे पानांची इवलीशी छायाचित्रे असलेल्या फिल्मची, रिळे आहेत, पण ती वाचायचे यंत्र केव्हाच मोडीत निघाले आहे. सबब या ३५ मिलिमीटरच्या रिळांचे डिजिटायझेशन घरच्या घरी करावे, असा ठराव समितीने एकमताने मंजूर केला. कोणाच्या घरी, हे ज्या सभेत ठरले त्या सभेला मी गैरहजर होतो.

डबा उघडताच पडवीभर आंबूस वास सुटला. जुनी फिल्म बहुधा सेल्युलोज ॲसिटेटची असते. उष्म्याने आणि दमटपणाने तिचे विघटन होऊन ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, बाहेर पडते आणि तेच आम्ल पुढचे विघटन अधिक वेगाने घडवते. रत्नागिरीच्या हवेत, जिथे आषाढात बरणीतल्या मिठालाही पाणी सुटते, तिथे फिल्मने दुसरे काय करावे? पॉलिएस्टरची फिल्म नीट ठेवल्यास ५०० वर्षे टिकेल असा अंदाज आहे खरा, पण त्यातल्या ‘नीट’चा अर्थ थंड आणि कोरडी जागा असा असल्याने तो कोकणाला उद्देशून नसावा.

आईने रसायनशास्त्राची वाट न पाहता लोणच्याची एकेक बरणी हुंगली, गुन्हेगार सापडेना तेव्हा मोर्चा पडवीकडे वळवला आणि “ते आंबलेलं माजघरात आणायचं नाही हो!” असे फर्मान काढले. अभिलेखागारांचे शास्त्रही अगदी हेच सांगते: वास येणारे रीळ चांगल्या रिळांपासून दूर ठेवावे, सुती हातमोजे घालावेत, फिल्म केवळ कडेला धरावी, जवळपास काही खाऊ नये. एवढे कडक सोवळे आमच्या आजीच्या देवघरातही नव्हते.

साध्या स्कॅनरने हे काम भागत नाही. मूळ पान १४ पट लहान केलेले असेल, तर इंचाला २४०० बिंदू घेऊनही मूळ पानाच्या हिशेबाने इंचाला जेमतेम १७१ बिंदू पदरात पडतात. मथळा वाचता येतो, बारीक मजकुरातले अनुस्वार मात्र गायब होतात. म्हणून खाली दिव्याची पाटी, वर मॅक्रो भिंगाचा कॅमेरा आणि मध्ये वळ्या घालणारी फिल्म अशी मांडणी केली. फिल्म सपाट राहावी म्हणून वर काच दाबली, तर प्रकाशाच्या खेळाने इंद्रधनुषी वलये उमटली आणि नेमकी मृत्युलेखावर जाऊन बसली. न्यूटनच्या नावाची ही वलये किंचित खरबरीत काचेने टळतात. तशी काच आमच्या बाजारात मागितली तेव्हा दुकानदाराने न्हाणीघराच्या खिडकीचे माप विचारले.

एका रिळात सुमारे ३० मीटर फिल्म असते आणि ती फ्रेम-फ्रेम करून हातानेच सरकवावी लागते. त्यात अधूनमधून वीज जाते. ती येईपर्यंत चहा घ्यावा म्हटले, तर आई आंघोळ केल्याशिवाय आत घेत नाही.