उसना सेटअप आणि दोन सेकंदांचं आमिष

सिम रेसिंग, म्हणजे संगणकावर खऱ्यासारखी गाडी पळवण्याचा खेळ, नव्यानं सुरू करणाऱ्यांना हमखास मिळणारा एक सल्ला सध्या फार फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: लीडरबोर्डवरच्या वेगवान ड्रायव्हरचा सेटअप (टायरचा दाब, विंग, ब्रेक अशा गाडीच्या जुळवणीची फाइल) उतरवून घ्या, लॅपमागे दोन सेकंद आपोआप कमी होतील, खेळासोबत येणारा डिफॉल्ट सेटअप मुद्दाम संथ ठेवलेला असतो, तो फेकून द्या, गाडी वळत नसेल तर दोष सेटअपचा, आणि सेटअप कळल्याशिवाय ऑनलाइन शर्यतीत उतरू नका. चार वाक्यं, चारही ठसक्यात. त्यातलं एक अर्धं खरं आहे, म्हणून बाकीची तीन खपून जातात.

आधी ते दोन सेकंद. ओळखीच्या ट्रॅकवर सलग दहा लॅप मारा आणि वेळा लिहून काढा. नवख्याच्या सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट लॅपमध्ये दोन-तीन सेकंदांचं अंतर सहज निघतं, तेही गाडी एकदाही ट्रॅकबाहेर न जाता. म्हणजे ते दोन सेकंद त्याच गाडीत, त्याच सेटअपवर आधीपासून आहेत. दर लॅपला वेगळ्या वळणावर सांडतात, एवढंच. अशा हातात सेटअपनं दिलेले सेकंदाचे दोन-तीन दशांश दिसणार तरी कसे? नवी फाइल लावली, वेळ सुधारली, श्रेय फाइलीला गेलं. खरं तर ती त्या संध्याकाळची तिसावी लॅप होती.

बरं, तो सेटअप वेगवान असतो हे खरंच. पण का असतो? जीटी३ गाडीचा (जीटी३ हा स्पोर्ट्स कारवरून बेतलेल्या रेसिंग गाड्यांचा वर्ग) हॉटलॅप, म्हणजे एकाच वेगवान लॅपसाठीचा, सेटअप उघडून पाहिला तर बहुतेकदा ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणी) मागे सरकवलेला, गाडीला खाली दाबणारी मागची विंग उतरवलेली आणि मागचा अँटी-रोल बार (गाडीचं एका बाजूला कलणं रोखणारा दांडा) कडक केलेला सापडतो. सगळ्याचा हेतू एकच: वळणात शिरताना शेपूट जराशी स्वतःहून फिरावी. ती फिरू द्यायची पण सुटू द्यायची नाही, हे काम तो ड्रायव्हर ब्रेकच्या पेडलनं करतो. वळणात शिरताना तो ब्रेक एकदम सोडत नाही, थोडा थोडा उचलत जातो, त्यामुळे वजन पुढच्या टायरांवर टिकतं. यालाच ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. नवखा ब्रेक फटकन सोडतो. पुढचं वजन उठतं, नाक बाहेर जातं, तो घाबरून वळणाच्या मध्येच पुन्हा ब्रेकला पाय लावतो, आणि आधीच हलकी असलेली शेपूट सुटते. मी स्वतः असा एक सेटअप इटलीतल्या मोंझा ट्रॅकवर लावला होता. पहिल्या लेस्मो वळणापर्यंत फार आनंदात होतो.

शिवाय हॉटलॅपची फाइल शर्यतीसाठी नसतेच. तिच्यात जेमतेम दहा लिटर इंधन असतं. शर्यतीला साठ लिटर भरलं की पेट्रोलच्या हिशेबानं सुमारे ३७ किलो वाढतात, गाडी दबते, ब्रेक लवकर लावावा लागतो. टायरचा दाबही ज्या हवामानात बसवला तिथलाच असतो. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या खेळात २०२३च्या १.९ आवृत्तीपासून जीटी३च्या कोरड्या टायरला तापल्यावर साधारण २६ ते २७ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) दाब लागतो. त्याआधी तो साडेसत्तावीसच्या आसपास ठेवत. त्या आवृत्तीआधीच्या फाइली अजून हातोहात फिरतात, आणि त्या लावणाऱ्याला आपण चुकीच्या दाबावर पळतोय याचा पत्ताही नसतो.

डिफॉल्ट मुद्दाम संथ असतो, हा दुसरा दावा. नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणून तो उडवून लावता आला असता, पण कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं. अर्धं खरं म्हणालो ते हेच. एफ१ मालिकेतल्या काही खेळांत डिफॉल्टवर गाडी नाक आत घ्यायला नको म्हणते, आणि खेळातलेच दुसरे तयार पर्याय निवडले तरी फरक जाणवतो. पण ‘मुद्दाम’ हा शब्द कुठून आला? डिफॉल्ट बनवणाऱ्याला एकच सेटअप सगळ्यांच्या हाती द्यायचा असतो, म्हणून तो गाडी थोडी अंडरस्टीअरकडे, म्हणजे हवी त्याहून कमी वळण्याकडे, झुकवतो: चूक झाली तर गाडी रुंद जावी, गरकन फिरू नये. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने तर प्रत्येक गाडीला ‘सेफ’ आणि ‘अग्रेसिव्ह’ असे तयार सेटअप देतो. ‘अग्रेसिव्ह’ घ्यायचा, टायरचा दाब आणि इंधन नीट करायचं, शेपूट सुटत असेल तर ब्रेक बायस एक-दोन टक्के पुढे घ्यायचा. माझ्या मते पहिले काही महिने याहून जास्त हात लावायची गरज नाही. डॅम्परच्या (गाडीचे हिसके शोषणाऱ्या शॉक अॅब्सॉर्बरच्या) पानावर तर फिरकूच नये.

गाडी वळत नाही, या तक्रारीचं निदान मात्र सगळ्यात जास्त चुकतं. पुढच्या टायरची पकड स्टिअरिंगच्या एका कोनापर्यंत वाढते. त्यापुढे जास्त वळवलं की ती वाढायच्या ऐवजी घटते. नवखा नेमकं तेच करतो: वेगात शिरतो, नाक वळत नाही, म्हणून स्टिअरिंग आणखी पिळतो. तपासायला साधी युक्ती आहे. त्याच वळणात ताशी दहा किलोमीटर कमी वेगानं शिरा. नाक आत आलं तर दोष शिरण्याच्या वेगाचा होता. वळणातून निघतानाच गाडी बाहेर जात असेल, तर स्टिअरिंग सरळ होण्याआधी थ्रॉटल (अॅक्सिलरेटर) दाबला जातोय का ते बघा. हळू शिरूनही, एकाच प्रकारच्या प्रत्येक वळणात, प्रत्येक लॅपला तीच खोड दिसली, तर खुशाल पुढचा अँटी-रोल बार एक घर मऊ करा. एका वेळी एकच बदल, आणि मग निदान पाच लॅप.

कित्येकदा दोष गाडीतही नसतो, पडद्यात असतो. २७ इंची मॉनिटर सुमारे ६० सेंटीमीटर रुंद असतो. डोळे तितक्याच अंतरावर असतील तर आडवा दृष्टिकोन, म्हणजे एफओव्ही, ५३ अंशांच्या आसपास येतो. उभा एफओव्ही मागणाऱ्या खेळात ३१ अंश. अनेकांनी तो याहून बराच मोठा ठेवलेला असतो: वेग आहे त्याहून जास्त भासतो, वळण आहे त्याहून लांब दिसतं, आणि ब्रेक कधी लवकर तर कधी उशिरा लागतो. सेटअपच्या कुठल्याही आकड्यानं हे सुधारत नाही.

राहिला शेवटचा दावा, सेटअप कळल्याशिवाय ऑनलाइन उतरू नका हा; तो एका परिच्छेदाचाच. आयरेसिंग या ऑनलाइन सिममध्ये ‘फिक्स्ड सेटअप’च्या मालिका आहेत, तिथे सगळ्यांना एकच सेटअप मिळतो. ग्रान तुरिस्मो ७ या खेळाच्या रोजच्या शर्यतींतही अनेकदा ट्यूनिंगला बंदी असते. त्या शर्यतीत जो तुमच्या अर्धा मिनिट पुढे संपवतो, तोही तुमच्याच आकड्यांवर बसलेला असतो. त्याचा रिप्ले उघडा, त्याच्या गाडीत बसा आणि पहिल्या वळणात शिरताना तो ब्रेकवरचा पाय किती सावकाश उचलतो ते बघा.