ब्रेक थरथरला म्हणून डिस्क बदलताय? आधी मोजा तरी

माल वाहणाऱ्या पिकअपवाल्यांच्या ग्रुपमध्ये एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं की पुढची डिस्क वाकली समजा, गरम डिस्कवर पाणी पडल्याने ती वाकते, लेथवर टर्निंग करून (वरचा थर खरडून) आणली की प्रश्न कायमचा मिटतो, चाकाचे नट गनने जितके आवळाल तितकं चांगलं, आणि डिस्क टिकवायची तर उतारावर ब्रेक हलका धरून ठेवा, गिअरवर ताण देऊ नका. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही, आणि शेवटचं तर जिवावर बेतणारं आहे.

पहिला दावा सगळ्यात जास्त पसरलाय, म्हणून तो नीट सोडवू. थरथर कुठे जाणवते, हे आधी बघा. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना पुढे डिस्क (चाकासोबत फिरणारी तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात) आणि मागे ड्रम (फिरणारा डबा, त्याला आतून शू दाबतात) असतो. स्टिअरिंग हलत असेल तर दोष बहुधा पुढे. स्टिअरिंग शांत, पण सीट आणि बॉडी हादरते, तर मागचा ड्रम तपासा. रिकाम्या, सपाट रस्त्यावर, कमी वेगात, बटण दाबून ठेवून हँडब्रेक हळूच ओढून पाहा. तो फक्त मागच्या चाकांवर चालतो. तेव्हाही तसाच हादरा आला तर पुढची डिस्क निर्दोष असण्याची शक्यता मोठी. घाट उतरून आल्यावर तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक करकचून ओढून गाडी रात्रभर उभी केली की थंड होताना ड्रम आत आवळत जातो, शू मात्र जागचे हलत नाहीत. गोल ड्रम अंडाकृती होतो तो असा. ब्रेक न दाबताही ८०-९०च्या वेगाला थरथर असेल तर ब्रेकच्या नादी लागूच नका, टायर आणि बॅलन्सिंग बघा. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली धडधडलं तर तो दोष नव्हे, ती यंत्रणा काम करतेय.

आता समजा पुढचीच डिस्क आहे. तरीही ती ‘वाकली’ असं क्वचितच असतं. बिघडते ती जाडी. डिस्क फिरताना एका जागी जाड आणि एका जागी पातळ लागली की जाड भाग पॅडना मागे ढकलतो, ब्रेक ऑइलचा दाब वाढतो आणि पेडल पायाला ढुशा देतं. हा फरक किती लागतो? ०.०२ मिलीमीटरच्या आसपास पुरतो. डोळ्याला दिसणार नाही, बोटाला लागणार नाही. सव्वादोन मीटर घेराचं चाक ८०च्या वेगाला सेकंदाला साधारण १० फेरे घेतं, म्हणजे तितक्याच ढुशा. पुढचा ॲक्सल आणि स्टिअरिंग ज्या गतीने सहज डोलतात ती गती याच्याच जवळपास असते. म्हणून ८०ला जोरात थरथरणारी गाडी ४०ला गप्प बसते आणि मालक म्हणतो, ‘आपोआप बरी झाली.’

जाडी असमान का होते? बऱ्याचदा डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या मधल्या भागावर) सरळ बसलेलीच नसते. हबच्या तोंडावर गंजाचा ०.०३ मिलीमीटरचा पापुद्रा राहिला तर डिस्कच्या कडेपर्यंत जाताना तो फरक जवळपास दुप्पट होतो. बसवलेल्या डिस्कला चालणारा रनआउट (फिरताना ती किती डुलते ते माप) बहुतेक कंपन्या ०.०५ ते ०.१ मिलीमीटर इतकाच धरतात. थोडी डुलणारी डिस्क लगेच त्रास देत नाही, कारण कॅलिपर (पॅड धरणारा भाग) पिनांवर सरकून तिच्यामागे जातो. पण ब्रेक न दाबता गाडी चालत असताना प्रत्येक फेऱ्याला तीच जागा पॅडला घासते आणि हजारो किलोमीटरनंतर तिथे डिस्क पातळ होते. म्हणजे नवी डिस्क टाकून चार-सहा महिन्यांत थरथर परत आली की शिव्या डिस्कला पडतात, गुन्हेगार मात्र न घासलेला हब असतो. दुसरं कारण म्हणजे तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून टोलनाक्यावर उभं राहणं. पॅडचा माल त्या एका जागी डिस्कला चिकटतो. पिना चिखलाने जाम झाल्या तरी पॅड घासत राहतो.

पाण्याबद्दल थोडक्यात. पावसात चालत्या गाडीची डिस्क फिरत असते, पाणी सगळीकडून लागतं; तेवढ्याने ती वाकत असती तर कोकणात एकही गाडी धड राहिली नसती. घाट उतरून लगेच प्रेशर पंपाचा फवारा एकाच जागी मारणं मात्र टाळा. त्याने बारीक तडे जाऊ शकतात.

टर्निंगचं तर अर्धसत्य आहे. चिकटलेला थर आणि असमान जाडी त्याने जाते, पण हब तसाच राहिला तर दुखण्याचं मूळ तसंच राहतं. शिवाय डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याच्या खाली गेली की ती भंगारच, लेथवाला काहीही म्हणो. आणि कुठे भयंकर तापून लोखंड आतून कडक झालं असेल, तर तो डाग खरडूनही थोड्या दिवसांत पुन्हा वर येतो.

नटांचं उत्तर सोपं. बऱ्याच गाड्यांत चाकाचे नटच डिस्कला हबवर दाबतात. एक नट गनने मरेपर्यंत आणि दुसरा अर्धवट आवळला तर डिस्क तिरकी बसते. समोरासमोरचे नट आळीपाळीने, टॉर्क पान्ह्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याइतकेच आवळा. काही पिकअपमध्ये डिस्क हबला वेगळ्या बोल्टनी जोडलेली असते. तिथे त्या बोल्टांना हाच नियम.

आता उतार. माल धरून ३ टन वजनाची गाडी कसारा घाटात साधारण ३०० मीटर खाली येते, तेव्हा सुमारे ८८ लाख ज्यूल ऊर्जा सुटते. २० अंशाच्या २६ लिटर पाण्याला उकळीला आणेल इतकी. काही वाटा टायर आणि हवा घेतात, बाकीची एक तर इंजिन रोखतं नाही तर ब्रेक. सतत हलका धरलेला ब्रेक थंड व्हायला उसंतच देत नाही. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशाला उकळतं, पाणी शोषलेलं जुनं १४०च्या सुमाराला. ते उकळलं की पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, वेग वाढला की ब्रेक ठाम दाबून कमी करा आणि सोडा. यात डिस्कही वाचते.

गॅरेजवाल्याने ‘डिस्क गेली’ म्हटलं तर दोन आकडे मागा: मायक्रोमीटरने आठ जागी मोजलेली जाडी आणि बेअरिंगमधला खेळ काढून डायल गेजने घेतलेला रनआउट. नवी डिस्क घेतलीत तर आधी हब तारेच्या ब्रशने घासून घ्या आणि त्याच डिस्कवर रनआउट पुन्हा मोजायला लावा. डायल गेजच नसेल, तर डिस्क गेली हे त्याने कशावरून ठरवलं, हे पैसे देण्याआधी विचारायला हरकत नाही.