कमी चाललेली सायकल

"जेमतेम दोनशे किलोमीटर चाललीये हो, गॅलरीतच उभी असते." पुण्यात सेकंड हँड रोडबाइक (बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची सायकल) बघायला कुणाकडेही जा, हे वाक्य चहाच्या आधी येतं. 2020 मध्ये लॉकडाऊनच्या उत्साहात घेतलेल्या कितीतरी सायकली आज टॉवेल वाळत घालायच्या कामी आहेत.

मी याच वाक्याला भुललो. शिमानो कंपनीचे सोरा गिअर, चकचकीत रंग, 22 हजार. फ्रेम 56 ची (हे सेंटीमीटरमधलं माप) आणि मी पाच फूट पाच इंच! विकणारे काका म्हणाले, "सीट खाली घ्या, बसेल." सीट खाली आली, पण हँडल लांबच राहिलं त्याचं काय? बोपदेव घाटात पायांच्या आधी माझे खांदे भरून यायचे. छोटा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) टाकून बघितला, तर हँडल बारीकशा धक्क्यालाही वळायला लागलं. माझ्या उंचीला 52 च्या आसपासची फ्रेम लागते, हे मला सायकल घरी आणल्यावर कळलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: मोटारीसारखे किलोमीटर मोजून सायकल घेऊ नये. टायर, केबल, ब्रेकपॅड, चेन झिजायचेच, ते बदलता येतात. आणि उन्हात चार वर्षं उभ्या सायकलचे टायर न चालताच तडकतात. गिअरचे लिव्हर तर त्याहून वाईट. आतलं ग्रीस घट्ट होतं आणि क्लिकच लागत नाही. कधी साफ करून चालतात, नाहीतर नवा जोड घ्यावा लागतो आणि तो महाग पडतो. म्हणून सौदा ठरवायच्या आधी सगळे गिअर दोन्हीकडे, वर-खाली, चालवत बदलून बघा.

चेनला साधी पट्टी लावा. बारा पूर्ण जोड (आतली आणि बाहेरची कडी मिळून एक) बरोबर 12 इंच भरायला हवेत. इंचाचा सोळावा भाग जास्त भरले तर चेन बदलायची. आठवा भाग जास्त असेल तर बहुतेक मागची कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) गेली. हा खर्च किमतीतून वजा करून मागायला लाजू नका.

फ्रेमला मात्र उदारपणा नको. हँडलखालच्या नळीला दांडी आणि खालची नळी जिथे जोडलेली असते, तिथे खालून बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा चीर लागली तर सायकल समोरून कुठेतरी धडकलेली असू शकते. चहा प्या आणि निघा. पहिलीच सायकल जुनी, कार्बन फायबरच्या फ्रेमची घेऊ नये असं मला वाटतं. आतली चीर नवशिक्याला दिसत नाही. पॅडलच्या दांड्या जिथे बसतात, तिथे फ्रेमच्या खालच्या बाजूला बहुधा नंबर कोरलेला असतो, तो बिलाशी जुळवा. बिल हरवलंय म्हणाले आणि नंबरही खरवडलेला असला, तर पुढे बोलूच नका.

माझी आत्ताची सायकल 52 ची, सोरापेक्षा साध्या क्लारिस गिअरची, 9 हजार किलोमीटर चाललेली. दांडीवर ओरखडे आहेत. आधीच्या मालकाने चेन कधी बदलली त्याच्या तारखा वहीत लिहून ठेवल्या होत्या, ती वहीही त्याने मला दिली. तिच्यावरून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो तरी मान दुखत नाही.

ती 56 ची अजून विकायचीये. पाच फूट दहा इंचाच्या आसपास उंची असेल तर इनबॉक्समध्ये या. आणि हो, कमी चाललेली आहे.