प्रेमाचा क्रम आणि दारात आलेला परका

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स एका टीव्ही मुलाखतीत म्हणाले की ख्रिस्ती विचारात प्रेमाला एक क्रम आहे. आधी आपलं कुटुंब, मग शेजारी, मग आपला समाज, मग देशबांधव आणि त्यानंतर बाकीचं जग. स्थलांतरितांना देशाबाहेर काढण्यावरून वाद पेटलेला असतानाचं हे बोलणं. टीका झाली तेव्हा त्यांनी ‘ऑर्डो अमोरिस’ (प्रेमाचा क्रम) हे लॅटिन शब्द शोधून पाहा, असं सुनावलं. हा मुद्दा आता जगभर फिरतो आहे. फिरता फिरता त्याला बायबलची वचनंही चिकटली आहेत, आणि निष्कर्ष असा निघतो आहे की निर्वासितांना दार बंद करणं हीच खरी ख्रिस्ती शिकवण.

मी कॅथलिक आहे. प्रेमाला क्रम असतो हे मला नाकारायचं नाही. माझ्या आईचं आजारपण मला जितकं लागतं तितकं अनोळखी माणसाचं लागत नाही, आणि त्यात पाप नाही. पण क्रम आहे म्हणून शेवटच्याला हाकलता येतं, हे अनुमान ज्या संतांच्या नावावर खपवलं जातं त्यांच्या लिखाणात मला सापडत नाही.

संत अगस्तीन म्हणतात, प्रेम सगळ्यांवर सारखंच करायचं आहे. मात्र सगळ्यांचं भलं करणं एका माणसाच्या आवाक्यात नसतं, म्हणून स्थळ, काळ आणि प्रसंग यांच्या योगानं जो जवळ आला त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावं, जणू त्याच्या नावाची चिठ्ठी निघाली आहे. आता बोट बुडून किनाऱ्याला लागलेला माणूस या हिशोबात कुठे बसतो? तो तर प्रसंगानंच आपल्याजवळ आलेला आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा क्रम अधिक बारकाईनं मांडला, आणि अपवादही त्यांनीच सांगितला: परका अगदी जिवावरच्या संकटात असेल आणि स्वतःचा बाप तितक्या अडचणीत नसेल, तर आधी परक्याला मदत करावी. बापाचं उदाहरण त्यांनी घेतलं आहे, दूरच्या चुलत्याचं नाही! फिरणाऱ्या संदेशांत क्रम राहतो आणि हे वाक्य गळून पडतं.

दुसरं हत्यार म्हणजे बायबलमधलं तीमथ्याला पहिलं पत्र, अध्याय ५, वचन ८: जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. वचन खरं आहे. पण तो सगळा अध्याय वाचा. तिथे विषय चालला आहे विधवांचा. ज्या विधवांना मुलं-नातवंडं आहेत त्यांना घरच्यांनी सांभाळावं, मंडळीवर, म्हणजे ख्रिस्ती समुदायावर, भार टाकू नये. का? ज्यांना खरोखरच कुणी नाही त्यांना मंडळीला सांभाळता यावं म्हणून. हे कारण सोळाव्या वचनात स्पष्ट दिलं आहे. म्हणजे निराधारांसाठी जागा व्हावी म्हणून लिहिलेलं वचन निराधारांना बाहेर ठेवायला वापरलं जातं आहे. आणि आठव्या वचनाच्या दोनच वचनं पुढे, कोणत्या विधवेचं नाव मंडळीच्या यादीत घ्यावं हे सांगताना तिनं परक्यांचा पाहुणचार केला आहे का, हे पाहायला सांगितलं आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच परक्याला घरात घेणं असा आहे.

‘आधी आपले’ हा आग्रह येशूनं स्वतः ऐकला होता, तोही आपल्याच गावात. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात नासरेथच्या सभास्थानातला प्रसंग आहे. कफर्णहूम गावात जे केलंस ते इथे आपल्या गावात करून दाखव, ही गावकऱ्यांच्या मनातली अपेक्षा येशू स्वतःच बोलून दाखवतो. उत्तरादाखल तो त्यांना दोन जुन्या गोष्टींची आठवण देतो. दुष्काळात इस्राएलात पुष्कळ विधवा होत्या, तरी एलिया संदेष्ट्याला धाडलं गेलं सीदोन प्रांतातल्या सारफथच्या विधवेकडे. आणि कुष्ठरोगी पुष्कळ असताना शुद्ध झाला तो सूरियाचा नामान. दोघंही इस्राएलाबाहेरचे. हे ऐकून गावकरी इतके खवळले की त्याला कड्यावरून ढकलून द्यायला घेऊन गेले.

परक्याविषयीच्या आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात ठायी ठायी आहेत. त्यावर एक पळवाट काढली जाते: हिब्रूतला ‘गेर’ म्हणजे धर्म स्वीकारलेला, रीतसर परवानगीनं राहणारा परदेशी, इतरांना ही आज्ञा लागू नाही. मग त्याच नियमशास्त्रातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातल्या १४:२१ या वचनाचं काय करायचं? आपोआप मेलेलं जनावर इस्राएल लोकांनी खाऊ नये, पण गावातल्या परक्याला द्यायला हरकत नाही, असं तिथे म्हटलं आहे. तो धर्मात आलेला असता तर त्याला हे चाललं असतं का? लेवीय १९:३४ तर कारणासकट बोलतं: परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही मिसर (इजिप्त) देशात परके होता. शब्द तोच, गेर. इस्राएलांनी मिसरचा धर्म काही स्वीकारला नव्हता.

हे ‘तुम्हीही परके होता’ मला कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात फार जवळचं वाटतं. सोव्हिएत राजवटीनं सैबेरियाकडे हाकललेले सुमारे ५००० पोलिश निर्वासित, मुख्यतः बायका आणि मुलं, इराणमार्गे इथे आले आणि १९४३ ते १९४८ या काळात वसाहत करून राहिले. बहुतेक सगळे कॅथलिक. त्यांना आपल्या मातीत जागा देणारं कोल्हापूर संस्थान ख्रिस्ती नव्हतं. पुढे फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्याच वसाहतीत आले. तेच आजचं गांधीनगर.

‘मिसर रोमच्याच साम्राज्यात होता, म्हणून बाळ येशू निर्वासित नव्हता’ हा दावा थोडक्यात निकालात निघतो. बाळ येशूच्या जिवावर उठलेला राजा हेरोद रोमचा मांडलिक होता आणि मिसर वेगळा प्रांत. हेरोदाचा हुकूम तिथे चालत नव्हता. योसेफ आणि मरिया नेमकं तेवढ्यासाठीच पळाले. पोप बारावे पायस यांनी १९५२ मध्ये पवित्र कुटुंबाला प्रत्येक निर्वासित कुटुंबाचा आदर्श म्हटलं, ते उगाच नाही.

‘मी परका होतो, तुम्ही मला घरात घेतलं’ या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातल्या येशूच्या वचनाबद्दल मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी. माझ्या लहानातल्या लहान भावासाठी जे केलं ते माझ्यासाठीच केलं, असं येशू तिथे म्हणतो; हे ‘माझे लहान भाऊ’ म्हणजे फक्त येशूचे शिष्य, असं मानणारे गंभीर अभ्यासक आहेत. पण तो अर्थ घेतला तरी दयाळू शोमरोन्याचा दाखला उरतोच, आणि पोप फ्रान्सिस यांनी निधनाच्या दोन-अडीच महिने आधी, १० फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेतल्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात बोट ठेवलं तेही त्यावरच: खरा ऑर्डो अमोरिस या दाखल्यावर सतत मनन केल्यानं सापडतो. त्याच पत्रात, हिंसक किंवा गंभीर गुन्हे केलेल्यांपासून आपल्या समाजाचं रक्षण करण्याचा देशाचा हक्कही त्यांनी मान्य केला आहे. कॅथलिक धर्मशिक्षणही श्रीमंत राष्ट्रांवर शक्य तितक्यांना आसरा देण्याचं बंधन घालतं आणि येणाऱ्यांनी तिथले कायदे पाळावेत असंही सांगतं. ‘शक्य तितकं’ म्हणजे किती, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात.

शास्त्र्यानं येशूला विचारलं होतं, माझा शेजारी कोण? म्हणजे यादी कुठे संपते ते सांगा. येशूनं प्रश्नच उलटा करून परत दिला: लुटारूंच्या हाती सापडलेल्याचा शेजारी कोण झाला? याजक आणि लेवी (मंदिरसेवक) त्या जखमी माणसाच्या क्रमात पहिले होते, पण ते बाजूनं निघून गेले. थांबला तो शोमरोनी; लूकच्या सतराव्या अध्यायात दुसऱ्या एका शोमरोन्याला येशू ‘परका’च म्हणतो. आणि खर्च कोण करणार, हा प्रश्नही त्या गोष्टीत टाळलेला नाही. शोमरोन्यानं उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवले. एक दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. वर तो म्हणाला, याहून जास्त लागलं तर खर्च कर, मी परत येताना देईन.